एफ. ए. युवा चषक : अंतिम लढतींचे एक दशक (१९९१ ते २०००)

प्रस्तावना :
इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १९५२-५३ च्या हंगामात साधारणतः अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठी बाद पद्धतीची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. ती ‘एफ. ए. युवा चषक’ या नावाने ओळखली जाते. या स्पर्धेकडून क्लबांच्या दोन अपेक्षा असतात. चषक जिंकणे ही पहिली आणि वरिष्ठ संघासाठी खेळाडू घडविणे ही दुसरी. एक साधले की दुसरे आपोआप साधते, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात १९९१ ते २००० या कालखंडातील अंतिम लढतींच्या आधारे हे गृहीतक तपासले आहे.

अंतिम फेरीचे स्वरूप :
या दशकात अंतिम फेरी दोन सामन्यांची असे. प्रत्येक संघाच्या मैदानावर एक सामना होई व दोन्ही सामन्यांतील गोलांच्या बेरजेवरून विजेता ठरे. त्यामुळे पहिला सामना गमावलेल्या संघालाही संधी उरे. १९९४ मध्ये आर्सेनलने मिलवॉलविरुद्ध पहिला सामना २-३ असा गमावला, परंतु दुसरा ३-० असा जिंकून चषक मिळविला. १९९५ मध्ये मँचेस्टर युनायटेड व टॉटनहॅम यांची बेरीज २-२ अशी समान झाली आणि निर्णय पेनल्टी किकवर युनायटेडच्या बाजूने लागला.

१९९२ व १९९३ :
१९९२ मध्ये मँचेस्टर युनायटेडने क्रिस्टल पॅलेसचा एकूण ६-३ असा पराभव केला. एरिक हॅरिसन यांच्या मार्गदर्शनाखालील या संघात रायन गिग्ज, डेव्हिड बेकहम, निकी बट व गॅरी नेव्हिल होते. २६ मे १९९९ रोजी बार्सिलोना येथे बायर्न म्युनिकविरुद्ध झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात हे चौघेही युनायटेडच्या पहिल्या अकरांत होते. चषक आणि खेळाडू अशा दोन्ही गोष्टी एकत्र हाती आल्याचे हे सर्वांत ठळक उदाहरण होय. वरील गृहीतकाला बळ मिळाले ते बहुधा याच संघामुळे.

पुढील वर्षाचा निकाल मात्र फारसा स्मरणात राहिलेला नाही. १९९३ मध्ये लीड्स युनायटेडने याच युनायटेडला ओल्ड ट्रॅफर्डवर २-० व स्वतःच्या एलँड रोड मैदानावर २-१ असे हरविले. दोन्ही सामन्यांना तीस हजारांहून अधिक प्रेक्षक उपस्थित होते. युवा सामन्यांसाठी ही संख्या असाधारणच म्हणावी लागेल. पराभूत संघातील बेकहम पुढे इंग्लंडकडून ११५, गॅरी नेव्हिल ८५, पॉल स्कोल्स ६६ आणि बट ३९ आंतरराष्ट्रीय सामने खेळले. विजेत्या लीड्सच्या संघातील एकालाही इंग्लंडच्या वरिष्ठ संघात स्थान मिळाले नाही. याचा अर्थ लीड्सची मुले कमी प्रतीची होती असा काढणे घाईचे ठरेल. त्या दोन सामन्यांत तीच सरस होती. सतराव्या वर्षीची सरसता आणि पंचविसाव्या वर्षीची योग्यता या मुळातच भिन्न गोष्टी आहेत, आणि मधल्या आठ वर्षांत क्लब काय करतो यावर बरेच अवलंबून असते.

धोरणातील बदल :
त्या वेळी लीड्सच्या वरिष्ठ संघाचे व्यवस्थापक हॉवर्ड विल्किन्सन होते. पुढे ते फुटबॉल असोसिएशनचे तांत्रिक संचालक झाले आणि १९९७ मध्ये त्यांनी युवा प्रशिक्षणाच्या पुनर्रचनेचा आराखडा मांडला. त्यानुसार १९९८ पासून क्लबांच्या अकादमी सुरू झाल्या व लहान वयापासूनच्या प्रशिक्षणाची मुख्य जबाबदारी क्लबांकडे आली. लिलेशॉल येथील राष्ट्रीय प्रशिक्षण शाळा १९९९ मध्ये बंद झाली.

वेस्ट हॅमचा अनुभव :
१९९६ मध्ये लिव्हरपूलने वेस्ट हॅमला एकूण ४-१ असे नमवून प्रथमच हा चषक जिंकला. विजेत्यांत जेमी कॅरेगर व मायकेल ओवेन, तर पराभूतांत फ्रँक लॅम्पार्ड व रिओ फर्डिनंड होते. कॅरेगरने आपली संपूर्ण कारकीर्द लिव्हरपूलमध्येच घालविली. वेस्ट हॅमने मात्र २००० मध्ये फर्डिनंडला लीड्सकडे व २००१ मध्ये लॅम्पार्डला चेल्सीकडे विकले.

१९९९ मध्ये वेस्ट हॅमने कॉव्हेंट्रीचा ३-० व ६-० असा, एकूण ९-० ने धुव्वा उडविला. जो कोल आणि मायकेल कॅरिक याच संघातले. यापेक्षा निर्विवाद विजय या दशकात नाही. तथापि २००३ मध्ये वेस्ट हॅमचा वरिष्ठ संघ प्रीमियर लीगमधून खालच्या श्रेणीत गेला. कोल त्याच वर्षी चेल्सीत दाखल झाला व तेथे त्याने तीन लीग विजेतेपदे मिळविली. कॅरिक २००४ मध्ये टॉटनहॅमकडे आणि २००६ मध्ये मँचेस्टर युनायटेडकडे गेला. युनायटेडकडून त्याने पाच लीग विजेतेपदे व २००८ ची चॅम्पियन्स लीग जिंकली. घडविण्याचे काम एका क्लबाने केले, फळ दुसऱ्याच्या पदरात पडले. कॉव्हेंट्री २००० मध्येही अंतिम फेरीत आर्सेनलकडून ५-१ असा हरला आणि २००१ मध्ये त्याचे सर्वोच्च श्रेणीतील चौतीस वर्षांचे वास्तव्य संपुष्टात आले.