तीन कंपन्या, दर एकच : धान्याच्या गोळीचा खटला

गोदामात धान्याच्या थप्पीला सोंडे लागले की वर आच्छादन टाकून आत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. हवेतली ओल लागली की गोळीतून विषारी वायू सुटतो व कीड मरते. (शेतकरी बंधूंनी ही गोळी घरात, कणगीत ठेवू नये. या वायूने माणूसही दगावतो. हे काम प्रशिक्षित माणसाचेच.) या गोळ्यांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे भारतीय अन्न महामंडळ. बनवणाऱ्या कंपन्या मात्र त्या वेळी मोजून चार.

मे २००९ मध्ये महामंडळाच्या निविदेत एक्सेल क्रॉप केअर, युनायटेड फॉस्फरस आणि संध्या ऑर्गॅनिक या तिघांनी दर भरला किलोला ३८८ रुपये. एका पैशाचा फरक नाही! कारखाने वेगळ्या गावी, उत्पादनखर्च वेगळा, मग दर जुळला कसा? महामंडळाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने २०१२ साली तिघांना मिळून सुमारे ३१८ कोटींचा दंड ठोठावला.

कंपन्यांनी मुद्दा काढला तारखेचा. स्पर्धा कायदा २००२ चा असला तरी संगनमताविरुद्धचे कलम ३ लागू झाले २० मे २००९ ला, आणि निविदा भरल्या त्याआधी. पण दराची बोलणी त्यानंतरही चालली होती, त्यामुळे हा बचाव टिकला नाही. ८ मे २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने संगनमत झाल्याचे मान्य केले. दंड मात्र कंपनीच्या सगळ्या धंद्यावर न धरता त्या गोळीच्या उलाढालीपुरताच धरला. एक्सेलचे ६३ कोटी ९० लाख उतरून २ कोटी ९२ लाखांवर आले. प्रस्तुत लेखकाला ही सूट फारच सढळ वाटते. पुढे २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता दंडाची कमाल मर्यादा देश-विदेशातील एकूण उलाढालीवर मोजतात.

आता आपल्या गावाकडे या. पंचायतीच्या मोटारीसाठी, दिवाबत्तीच्या सामानासाठी तीन दरपत्रके मागवली जातात आणि कधी कधी तिन्हींवर अक्षर एकाच हाताचे असते. ग्रामसेवक मंडळींना हे वेगळे सांगायला नको. 'या खेपेला तू घे, पुढच्या खेपेला मी' हे ठेकेदारांचे साटेलोटे कलम ३ मध्येच येते. त्याला लेखी करार लागत नाही, तोंडी समजूतही पुरते. व्यापाऱ्यांच्या संघटनेने मिळून भाव ठरवला तरी तोच नियम.

आयोगाकडे कोणीही माहिती देऊ शकतो, शुल्क मात्र भरावे लागते. टोळीतला एखादा स्वतःहून फुटला व त्याने खरी माहिती दिली, तर त्याचा दंड कमी होऊ शकतो. तक्रार करायची तर दरपत्रकांची पाकिटे, आवक नोंदवही आणि मागच्या दोन-तीन वर्षांचे दर फाइलला लावून ठेवा. दर सारखा आला एवढ्यावर भागत नाही, सोबत असा आणखी पुरावा लागतो.