कार्यप्रणाली हवीच कशाला?

संगणक कक्षात विद्यार्थी हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. ब्राउझर उघडला की लेखन, चित्रे, हिशेब सारे त्यातच होते. मग ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कार्यप्रणाली, वेगळी हवीच कशाला? आमच्या वसतिगृहातील अनेकांचे आईवडील ऊसतोडीला गेलेले असतात. या मुलांची संगणकाशी पहिली ओळख घरच्या मोबाइलवरील ॲपमधूनच होते. त्यामुळे हा प्रश्न आम्हांस स्वाभाविक वाटतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक कार्यान्वित झाला. त्या पिढीच्या यंत्रांवर एका वेळी एकच काम चाले. यंत्राच्या भाषेतील आज्ञा छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून भरत. म्हणजे कार्यप्रणालीवाचूनही संगणक चालू शकतो. कपडे धुण्याच्या यंत्रातील चिपला आजही बहुधा ती लागत नाही, कारण तिला काम एकच.

यंत्र एक आणि कामे अनेक झाली, की प्रोसेसरचा वेळ कोणाला, स्मृतीतील जागा कोणाची, एकाची फाइल दुसऱ्याने उघडावी का, हे कोणीतरी ठरवावेच लागते. ते कार्यप्रणाली ठरवते. ब्राउझरही तिच्याकडेच जागा मागतो; क्रोमबुकमध्येसुद्धा ब्राउझरच्या खाली लिनक्स असतेच.

सामाईक सोय नसली म्हणजे काय होते, हे मराठीने सोसले आहे. डॉसमध्ये देवनागरी नव्हती. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड यंत्रात बसवावे लागे. पुढे ज्याच्या त्याच्या सॉफ्टवेअरने स्वतःचा फाँट आणला. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षर बसवलेले. तो फाँट नसलेल्या संगणकावर मजकुराचा नुसता चिखल दिसे. अशा स्मरणिकांचे कितीतरी लेख आम्ही त्यापायी पुन्हा टंकलिखित केले आहेत! युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. परंतु विंडोज २००० मध्ये जोडाक्षरे जुळवण्याचे काम कार्यप्रणालीने पत्करले, तेव्हा कुठे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांना ती आयती मिळू लागली.

कार्यप्रणाली हवी, पण ती विकतचीच हवी असे नाही. सी-डॅकची लिनक्सवर आधारलेली 'बॉस' मोफत मिळते. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजवर आणि लिनक्सवर सारखाच असल्याने, एकीकडे मराठी टंकलेखन शिकलेल्या मुलीला दुसरीकडे ते नव्याने शिकावे लागत नाही.