खिडकीतला वसंत

उत्तर युरोपात हिवाळ्याचे तीन-चार महिने बागेत पाहण्यासारखे फारसे काही उरत नाही. झाडे निष्पर्ण, जमीन गोठलेली आणि सूर्यदर्शन अल्पकाळ. अशा दिवसांत तिकडील कित्येक घरांच्या खिडकीत मात्र हायसिंथचा निळा-जांभळा तुरा फुललेला दिसतो व त्याच्या सुगंधाने खोली भरून जाते. हे फूल वस्तुतः वसंताचे. ते भर हिवाळ्यात कसे फुलते, हा प्रश्न कोणाही चौकस विद्यार्थ्यास पडावा.

उत्तराचा आरंभ आपल्या स्वयंपाकघरातच होतो. एखादा कांदा उभा चिरून पाहावा. तळाशी जी कठीण चकती दिसते ते त्याचे खोड होय. आणि तिच्यावर एकावर एक बसलेले मांसल पापुद्रे ही त्याची पाने. हायसिंथ, ट्यूलिप, नरगिस यांचे कंदही याच घडणीचे आहेत. उन्हाळ्यात पाने वाळली की कंद निजला, असे आपण समजतो. परंतु त्याच अवधीत हायसिंथच्या गाभ्यात पुढील वर्षाचा तुरा इवल्याशा रूपात तयार होत असतो. शरद ऋतूत असा कंद कापून भिंगाखाली धरला, तर त्यातील कळ्याही ओळखू येतात. तेव्हा माळ्याने फूल घडवावयाचे नसते; आत जे सिद्ध आहे त्यास बाहेर येण्याची वेळ झाली, असे भासवावयाचे असते.

येथेच खरी मेख आहे. रोप लवकर फुलावे तर त्यास ऊब द्यावी, अशी आपली समजूत; या कंदांची रीत नेमकी उलट. त्यांस प्रथम थंडी हवी, आणि तीही थोडीथोडकी नव्हे. सुमारे २ ते ९ अंश सेल्सिअस उष्णतामानात, अंधारात, हायसिंथला १० ते १४ आठवडे आणि ट्यूलिपला त्याहूनही काही अधिक काळ ठेवावे लागते. या काळात मुळे फुटतात, साठविलेल्या पिष्टाची शर्करा होऊ लागते व दांड्यास लांबण्याचे सामर्थ्य येते. घाई करून कंद आधीच उबेत आणला, तर दांडा वाढत नाही आणि फूल पानांच्या बेचक्यातच खुजे राहते. कोंब दोन-तीन बोटे वर आल्यावर त्यास प्रथम थंड उजेडात व मग बैठकीच्या खोलीत आणावे.

नरगिसाच्या काही जाती मात्र याला अपवाद आहेत. भूमध्य समुद्राकाठची पेपरव्हाइट जात थंडीवाचून, उथळ थाळीतील गोट्यांवर, केवळ पाण्याच्या आधाराने चार-सहा आठवड्यांत फुलते. चीनमध्ये तिच्याच कुळातील नरगिस नववर्षाच्या सुमारास अशीच फुलवितात. इराणात नवरोजच्या मांडणीत हायसिंथ ठेवण्याची चाल आहे.

भांड्यांच्या बाबतीत तर युरोपियनांनी मोठीच हौस केली. हायसिंथचा काचेचा पेला गळ्याशी आवळलेला असतो. वरच्या वाटीत कंद बसतो आणि खाली मुळे सुटलेली दिसतात. पाणी कंदाच्या बुडाला टेकता टेकता राहावे. कंद बुडाला की कुजलाच म्हणून समजावे. पाण्यास वास येऊ नये म्हणून कोळशाचा लहान तुकडा टाकतात. अठराव्या शतकातील प्रसिद्ध इंग्रज कुंभकार जोसाया वेजवुड यांच्या कारखान्यात साळूसारख्या प्राण्याच्या आकाराचे, पाठीला भोके असलेले पात्र होत असे. त्यातून क्रोकसची पाने वर आली की प्राण्याच्या अंगावर हिरवे काटेच उभे राहिले, असे वाटे! ही कल्पना आम्हांस सर्वांत गमतीची वाटते. भोक नसलेल्या शोभिवंत कुंड्यांत मातीऐवजी पीट, शिंपल्यांचा चुरा व कोळसा यांचे मिश्रण भरतात. त्यास ओल असावी, चिखल होऊ नये.

इंदूर-ग्वाल्हेरकडे पौषातील रात्री गारठ्याच्या असल्या, तरी दिवसा ऊन तापते. अखंड थंडी मिळत नाही. म्हणून आपल्याकडील हौशी लोक कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवतात. शेजारी सफरचंदे मात्र ठेवू नयेत. पिकत्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो व त्याने आतील कळी करपते. पिशवीवर नाव ठळक लिहावे, कारण हे कंद कांद्यासारखे दिसतात आणि विषारी असतात. नरगिसाचे कंद कांदा समजून खाल्ल्याने माणसे आजारी पडल्याची उदाहरणे आहेत. हायसिंथ हाताळताना त्यातील सूक्ष्म स्फटिकांनी खाजही सुटते, यास्तव हातमोजे घालणे बरे. आपली गुलछडी, म्हणजेच निशिगंध, हीदेखील कंदापासूनच वाढते. पण ती मूळची मेक्सिकोची, तिला थंडी नव्हे तर ऊबच मानवते.

फुले सुकल्यावर कंदाचे काय करावे? नुसत्या पाण्यावर फुललेल्या कंदाने आपली शिदोरी संपविलेली असते, म्हणून तो बहुधा टाकूनच देतात. आम्हांस हे थोडे निष्ठुर वाटते. पण त्यास इलाज नाही. मिश्रणात वाढविलेल्या कंदाचा तुरा कापून टाकावा, पाने पिवळी पडेपर्यंत पाणी घालीत जावे आणि मग तो थंड प्रदेशातील बागेत पुरावा. तेथे एक-दोन वर्षांनी तो पुन्हा फुलू शकतो, आणि या खेपेस निसर्गाच्या ठरल्या वेळी.