नेम धरण्यापूर्वी

घरातील एखाद्या मुलाने वा मुलीने रायफल क्लबात नाव घालण्याची इच्छा बोलून दाखविताच आपल्या कुटुंबांतून बहुधा एकच उद्गार निघतो : “बंदूक? आणि आपल्या घरात?” हा उद्गार हसण्यावारी नेण्याजोगा खास नाही. शस्त्र म्हणजे खेळणे नव्हे. वडीलधाऱ्यांची भीती अगदीच अनाठायी आहे असे कोण म्हणेल? परंतु क्लबात प्रत्यक्ष काय शिकवितात हे न पाहताच नकार देणे आम्हांस युक्त वाटत नाही. आमच्या मते या विद्येत नेम हा दुसरा धडा आहे. पहिला धडा संयमाचा.

आरंभ बहुधा हवेच्या बंदुकीने वा पिस्तुलाने होतो. तीत दारू नसते. दाबलेल्या हवेच्या जोराने ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा सुटतो. लक्ष्य १० मीटरांवर असते, म्हणून एखादे लांबट सभागृहही या सरावास पुरते. शिकाऊ उमेदवाराच्या हाती प्रथम पडतात ते नियम : बंदूक सदैव भरलेलीच समजावी, नळीचे तोंड लक्ष्याकडेच असावे, नेम लागेपर्यंत बोट चापावर ठेवू नये, कोणी रेषेपुढे गेला असता शस्त्रास हात लावू नये. बंदूक वापरात नसेल तेव्हा ती रिकामी असल्याची खूण म्हणून तीत भडक रंगाची दोरी घालून ठेवतात.

येथे आम्हांस आदिपर्वातील द्रोणाचार्यांची परीक्षा आठवते. अर्जुनास पक्ष्याचा डोळा दिसला असे आपण मुलांस सांगतो. मूळ कथेत त्यास दिसते ते पक्ष्याचे मस्तक, आणि तो पक्षीही कारागिरांकडून करवून घेतलेला, कृत्रिम. पण याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. युधिष्ठिरादी ज्या शिष्यांचे चित्त विखुरलेले आढळले, त्यांना आचार्यांनी बाण सोडूच दिला नाही. मन स्थिर नसेल तर शस्त्र चालवू नये, हाच त्या परीक्षेचा अर्थ. आणि आजच्या क्लबातील चांगला शिक्षकही नेमके हेच करतो.

स्थिरता तरी किती लागावी? हवेच्या रायफलीच्या लक्ष्यपत्रावर दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. स्पर्धेत असे ६० नेम ७५ मिनिटांत साधावयाचे. श्वास हलकेच रोखावा, चाप झटक्याने न ओढता सावकाश दाबावा, आणि छर्रा सुटल्यावरही क्षणभर तसेच उभे राहावे. मागील नेम चुकल्याचा विषाद मनात ठेवला की पुढचाही चुकतो. फळाची चिंता सोडून कर्म करण्याचा उपदेश आपण नित्य ऐकतो. त्याचा इतका रोकडा अभ्यास अन्यत्र क्वचितच घडत असेल.

अमेरिकादी देशांत ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ नावाचा एक धावपळीचा प्रकार आहे. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली मिसुरी राज्यातील कोलंबिया येथे स्थापन झाली. तीत नेमबाज धावत, वळत अनेक लक्ष्ये टिपतो, आणि मिळालेल्या गुणांस लागलेल्या सेकंदांनी भागून निकाल ठरतो. परंतु इतक्या घाईतही हातून पिस्तूल पडले, अथवा नळी मर्यादेबाहेर वळली, की कितीही निष्णात खेळाडू त्या सामन्यातून तत्काळ बाद होतो. कौशल्य कितीही असो, नियम त्याच्यावर.

आपल्याकडे १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली. तिचे अग्रणी होते गणेश वासुदेव मावळंकर : गांधीजींच्या चळवळीत कारावास भोगलेले व पुढे लोकसभेचे पहिले सभापती झालेले. अहिंसेच्या चळवळीतील गृहस्थाने या विद्येस आश्रय द्यावा, यात आम्हांस विसंगती दिसत नाही. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही होते. आपल्या लेकींनीही येथे मोठे नाव मिळविले. अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे जगज्जेत्या झाल्या. राही सरनोबत यांनी २०१८ साली आशियाई सुवर्णपदक मिळविले. २०२४ साली राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसहून कांस्यपदक आणले.

आता थोडे व्यवहाराचे. क्लबात नाव घालण्यापूर्वी घरातील एका वडील माणसाने तेथे स्वतः जाऊन तासभर बसावे. शिक्षक सदैव हजर असतो काय, त्याची आज्ञा तत्काळ पाळली जाते काय, शस्त्रे कुलपात ठेवतात काय, डोळ्यांस चष्मा असतो काय, एवढे पाहावे. आढळले नाही तर खुशाल परत यावे. उत्तम परदेशी बंदुकीची किंमत लाखांच्या घरात जाते, तेव्हा प्रथम क्लबच्याच बंदुकीवर भागवावे. दारूच्या बंदुकीस १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवाना लागतो. तो विचार पुढचा. आणि छर्रे शिशाचे असल्याने सरावानंतर हात स्वच्छ धुतल्यावाचून अन्नास शिवू नये. हा नियम तरी आमच्या वाचक भगिनींस नव्याने शिकवावयास नको!

पदक सर्वांसच मिळत नाही. परंतु हाती सामर्थ्य असता बोट आवरून धरण्याची सवय ज्यास लागली, तो मुलगा वा ती मुलगी घरास भूषणच होईल. तेव्हा नकार देण्यापूर्वी एकवार पाहून तरी यावे, एवढीच आमची वडीलधाऱ्यांस विनंती आहे.