एकदा दाखवा, हजारदा तपासा!

मुलांनो, भागाकार सोडवून झाला की तुम्ही ताळा करता ना? भाजक गुणिले भागाकार, त्यात बाकी मिळवायची. आलं भाज्य की उत्तर बरोबर! संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाही असा ताळा करावा लागतो. फरक इतकाच, की त्यांना तो पुन्हा पुन्हा करावा लागतो. का बरं?

समजा, शिष्यवृत्तीचे अर्ज भरायची एक वेबसाइट आहे. कालपर्यंत ती छान चालत होती. आज कोणीतरी त्यात जन्मतारखेचा रकाना बदलला. नवा रकाना सुरेख दिसतो. पण त्या बदलामुळे खालचं ‘पाठवा’ हे बटणच बंद पडलं! आणि नेमकी आजच अर्जाची शेवटची तारीख. एखादी आई दिवसाची मजुरी बुडवून मुलीचा अर्ज भरायला आलेली असते. तिनं काय करायचं? म्हणून नियम असा, की एक गोष्ट बदलली तरी आधीच्या गोष्टीही पुन्हा तपासायच्या. याला ‘रिग्रेशन टेस्टिंग’ म्हणतात.

पण माणूस कंटाळतो. शंभराव्या वेळी तोच अर्ज भरताना त्याची नजर चुकते. यंत्राला कंटाळा ठाऊकच नाही! मग त्याला हे काम शिकवायचं कसं? आपण एकदा करून दाखवायचं आणि ते टिपून ठेवायचं.

टिपण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली म्हणजे पडद्यावर जे घडतं त्याचा व्हिडिओ घ्यायचा. तो पाहून प्रोग्रामर यंत्रासाठी सूचना लिहितो. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे काही प्रोग्रामही व्हिडिओ पाहून अशा सूचनांचा कच्चा मसुदा करतात. दुसरी तऱ्हा ‘रेकॉर्डर’ची. कोणतं बटण दाबलं, काय टाइप केलं, याची तो स्वतःच नोंद ठेवतो.

२००४ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात जेसन हगिन्स यांनी वेबसाइट तपासणारं एक साधन तयार केलं. २००६ मध्ये जपानच्या शिन्या कासातानी यांनी त्याला रेकॉर्डरची जोड दिली. साधनाचं नाव ‘सेलेनियम’. नावाची गंमत ऐका. तेव्हा अशी साधनं विकणारी एक मोठी कंपनी होती ‘मर्क्युरी’, म्हणजे पारा. पाऱ्याच्या विषावर सेलेनियमचा उतारा, अशी ती थट्टा होती! २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनं ‘प्लेराइट’ आणलं. त्यातही रेकॉर्डर आहे. शिवाय तपासणी चालू असताना ते पडद्याचा व्हिडिओ घेऊ शकतं. त्यामुळे काम नेमकं कुठे अडलं, ते मागाहून पाहता येतं.

आता खरी मेख ऐका. आपण काय केलं, हे रेकॉर्डरला कळतं; पण शेवटी काय व्हायला हवं, हे त्याला कळत नाही! ते आपणच सांगायचं : ‘पाठवा दाबल्यावर अर्जाचा क्रमांक दिसला पाहिजे.’ हे सांगितलं नाही, तर यंत्र बटण दाबून मोकळं होईल आणि अर्ज पोचला नसला तरी ‘पास’ म्हणेल. तसंच, ‘उजव्या कोपऱ्यातलं बटण’ असं सांगू नये. उद्या बटण सरकलं तर? ‘पाठवा नावाचं बटण’ असं सांगावं.

आणि हो, पडद्याचा व्हिडिओ घेताना कोणाचं खरं नाव, फोन नंबर किंवा पासवर्ड त्यात येऊ द्यायचा नाही. तपासणीसाठी खोटी माहिती भरायची.

करून पाहा : लिंबू सरबताची कृती पायरी-पायरीनं कागदावर लिहा. मित्राला सांगा, ‘लिहिलंय तेवढंच कर.’ मग प्रत्येक पायरीपुढे ‘आता काय दिसलं पाहिजे’ तेही लिहा. जसं, ‘साखर पूर्ण विरघळलेली दिसली पाहिजे.’ आता दुसऱ्या मित्राला तोच कागद द्या. कोणाचं सरबत जास्त चांगलं झालं, ते आईबाबांना चाखून ठरवू द्या!