कूलर रिकामा केला, पण कोरडा केला का?



मृग लागला, दोन-तीन बरे पाऊस पडले, की आपल्याकडे घरोघरी एक काम निघतं. कूलर काढायचा. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर गेला तेव्हा ज्याच्यापुढे सगळं घर अंथरूण टाकून झोपत होतं, तो कूलर आता नुसता घाम आणतो. त्याचं कारण आपला माठच सांगतो. माठ पाझरतो, ते पाणी हवेत उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. कूलरही तेच करतो. पण पावसाळ्यात हवाच ओली असते, पाणी उडायला जागा नाही. म्हणून माठ गार होत नाही आणि कूलरही नाही.

तर कूलर काढायचा. पण कसा काढायचा, हे आज बोलायचं ठरवलं, कारण आमच्या गटांमधला एक अनुभव आहे.

एका गावात आमच्या गटातल्या एका ताईची मुलगी भादव्यात तापली. तपासणीत डेंग्यू निघाला. आशाताई घर बघायला आल्या. रांजण पाहिला, टाकी पाहिली, सगळं स्वच्छ. मग मागच्या पडवीत गेल्या. तिथे कूलर ठेवला होता, वर ताडपत्री टाकून, नीट बांधून. ताई म्हणाल्या, "त्यातलं पानी त आमी जूनमधीच काढलं वो!" ताडपत्री उचलली तर टाकीच्या बुडाशी दोन बोटं पाणी आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. ताडपत्रीला मध्ये झोळ पडला होता, त्यातही पाणी होतं. मुलगी बरी झाली. पण त्या दोन आठवड्यांत ताईंची निंदणाची मजुरी बुडाली, गटाचे दोन हप्ते थकले आणि वर उसने पैसे झाले. ताई खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी पाणी काढलंच होतं.

मग ते आलं कुठून? एक तर ताडपत्रीवरून झिरपलं. दुसरं म्हणजे टाकीला खाली जे छिद्र असतं, त्याची कड बुडापेक्षा थोडी वर असते. बूच काढलं की धार लागते, धार थांबली की आपल्याला वाटतं झालं. पण खाली थर राहतोच. पत्रा मध्ये दबलेला असेल तर आणखी जास्त. पंपाच्या पोटात पाणी राहतं, रबरी नळीत राहतं, आणि वर ज्या पन्हळीतून ताट्यांवर पाणी गळतं, तिच्या कोपऱ्यातही राहतं. तिकडे कोणी बघतच नाही.

आता डासाचं. डेंग्यूचा एडिस डास गटारातला नाही, त्याला आपलं साठवलेलं साधं पाणीच लागतं. तो दिवसा चावतो. त्याची मादी अंडी पाण्याच्या रेघेच्या जरा वर, ओल्या भिंतीला चिकटवते. एका वेळी शंभराच्या आसपास, तीही थोडी इथे, थोडी तिथे. ही अंडी काळी आणि बारीक, धुळीसारखीच दिसतात. पाणी ओतून दिलं तरी ती भिंतीलाच राहतात, आणि कोरडी पडली तरी मरत नाहीत. कित्येक महिने तशीच टिकतात. पुन्हा पाणी लागलं की त्यातून अळी निघते आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून टाकी रिकामी करून भागत नाही. ती घासावी लागते.

काम सुरू करण्याआधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही. आपल्या घरांत वायरिंग कोणी कधी केलंय देव जाणे. बटण चुकीच्या तारेवर लावलेलं असेल, तर बंद केल्यावरही कूलरपर्यंत करंट येतो. लोखंडी पत्रा, ओले हात, खाली ओलं अंगण आणि अनवाणी पाय. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. प्लग बोर्डातून काढून हातात आला की मगच टाकीत हात घाला. हे मुद्दाम सांगतोय, कारण कूलर लावताना घरातली माणसं हौसेने पुढे असतात, वायर तीच जोडतात. काढताना आणि घासताना मात्र आपण एकट्याच असतो.

टाकीला वरच्या पाण्याची नळी जोडलेली असेल तर तिचा कॉक बंद करा, नाहीतर फ्लोट खाली आला की टाकी पुन्हा भरते. बूच काढा. निघालेलं पाणी नालीत सोडू नका, कोरड्या जमिनीवर पसरून टाका. अळ्या नालीत जगू शकतात, तापलेल्या मातीवर नाही. धार थांबली की कूलर छिद्राच्या बाजूला कलता करा. उरलेलं पाणी जुन्या सुती कापडाने टिपून घ्या, पार शेवटच्या थेंबापर्यंत. मग बुडापासून पाण्याच्या रेघेच्या वर चार बोटांपर्यंत साबण लावून काथ्याने किंवा ब्रशने खसाखसा घासा. कोपरे आणि सांधे विसरू नका. पन्हळही काढून घासा.

पंप बाहेर काढा, उलटा धरून झटका, नळी सोडवून फुंकून मोकळी करा. आपल्या बोअरच्या पाण्याने पंपाच्या जाळीवर पांढरे क्षार बसतात. ते चिंचेच्या पाण्याने जुना टूथब्रश घेऊन निघतात. वायरला पाणी लागू देऊ नका. पंप वाळला की कापडात गुंडाळून घरात ठेवा. पडवीत ठेवला की उंदीर वायर कुरतडतो, आणि तीच वायर पुढच्या वर्षी पाण्यात जाते.

ताट्यांमधलं लाकडी गवत एका मोसमाचंच असतं. काही जणी "अजून बरं आहे" म्हणून ठेवतात. नका ठेवू. त्यालाही अंडी चिकटलेली असू शकतात. वाळवून जाळून टाका. पुठ्ठ्यासारख्या जाळीदार ताट्या असतील तर त्या धुऊन पक्क्या वाळवा, त्या पुढेही चालतात.

मग टाकी एक दिवस कडक उन्हात. पत्र्याला गंज धरला असेल तर खरवडून डांबरी रंगाचा हात द्या, पण पूर्ण वाळल्यावरच. ओल्यावर लावला तर गंज आतल्या आत पत्रा खातो. ठेवताना कूलर विटांवर उचला, बूच उघडंच राहू द्या, आणि वर प्लॅस्टिकऐवजी जुनं लुगडं किंवा गोणपाट टाका. जागा छपराखालची हवी. खिडकीत अडकवलेला कूलर काढता येत नसेल, तर त्याच्या टपावर उतरता पत्रा लावा आणि दर पावसानंतर टाकीत डोकावून बघा.

खरी अडचण अर्धवट काढलेल्या कूलरची आहे. जुलैत पाऊस दडी मारतो, उकाडा होतो, म्हणून "लागला तर असू दे" म्हणत पाणी तसंच ठेवतात. पुन्हा ऑक्टोबरच्या उन्हात तेच. चालवायचाच असेल तर खुशाल चालवा, पण आठवड्यातून एक दिवस पाणी काढून, घासून, वाळवूनच पुन्हा भरा. आरोग्य विभाग ज्याला कोरडा दिवस म्हणतो तो हाच. आम्ही काही गटांत बैठकीचा दिवसच त्यासाठी धरला. सकाळी टाकी कोरडी, दुपारी बैठक. बचत आणि परतफेड लिहून झाली की प्रत्येकीला विचारायचं, घासलं का? सुरुवातीला बाया हसायच्या. आता एकमेकींच्या पडवीत जाऊन बघतात, आणि त्यावरून थोडी भांडणंही होतात.

एवढं करूनही घरात कोणाला ताप आला, डोळ्यांच्या मागे दुखायला लागलं, अंग ठणकायला लागलं, तर दुकानातून अंगदुखीची गोळी आणून देऊ नका. डेंग्यूत अशा काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. आशाताईंना बोलवा, आरोग्य केंद्रात रक्त तपासा. पोट खूप दुखलं, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर थेट दवाखान्यात न्या.

आणि मार्चमध्ये कूलर बाहेर काढाल तेव्हा पाणी भरण्याआधी टाकी पुन्हा एकदा घासा. एखादं अंडं राहिलंच असेल तर त्याला पहिलं पाणी आपल्याच हाताने मिळायला नको. मग तीन पिनांचा प्लग आहे का, अर्थिंगची तार जोडलेली आहे का, वायर कुठे सोललेली नाही ना, हे जाणत्या वायरमनकडून बघून घ्या. पाणी त्यानंतर.