‘विसरायला होते’ या तक्रारीचा विचार : ग्रहण, धारण आणि स्मरण

परीक्षेचे दिवस जवळ आले की स्मरणशक्तीच्या औषधांची मागणी वाढते, हा सर्व व्यवसायबंधूंचा व फार्मसीचालकांचा दरवर्षीचा अनुभव आहे. मात्र ही मागणी केवळ विद्यार्थ्यांची नसते. दहावीतील मुलाची आई सांगते, ‘वाचतो पुष्कळ, पण लक्षात राहत नाही.’ पंचेचाळिशीतील गृहिणी म्हणते, ‘गॅसवर दूध ठेवले आहे, हेच ध्यानात राहत नाही.’ सत्तरीतील वडिलांना घेऊन आलेला मुलगा म्हणतो, ‘बाबा तोच प्रश्न पाच-पाच वेळा विचारतात.’ तिघांच्याही रुग्णपत्रिकेवर ‘स्मृतिमांद्य’ हा एकच शब्द लिहिला जातो आणि पुष्कळदा तिघांच्याही हाती एकाच औषधाची बाटली पडते.

या तीन तक्रारींचे स्वरूप भिन्न आहे, त्यांचे स्थान भिन्न आहे आणि म्हणून चिकित्साही भिन्न आहे, एवढेच प्रस्तुत लेखात आम्हांस मांडावयाचे आहे. बिघाड कोणत्या पायरीवर झाला, हे ओळखल्याशिवाय दिलेले मेध्य औषध क्वचित निरुपयोगी ठरते; आणि क्वचित त्याच्या आधारावर मौल्यवान महिने वाया जातात.

मनोव्यापाराचा क्रम

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील पहिल्या अध्यायात मनाचे विषय, कर्म व गुण यांचे विवेचन आहे. इंद्रियांचे नियमन, स्वतःचे नियमन, ऊह आणि विचार ही मनाची कर्मे होत. इंद्रियाने मनाच्या साहाय्याने अर्थ ग्रहण करावा, मनाने त्याचा ऊहापोह करावा, बुद्धीने निश्चय करावा आणि मग वाणी किंवा क्रिया घडावी, असा हा क्रम आहे. अनुभवलेल्या गोष्टीचे पुन्हा ज्ञान होणे म्हणजे स्मृती. शेष जीवनात आपण ज्याला ‘लक्षात राहणे’ म्हणतो, त्यात ग्रहण, धारण व स्मरण अशा तीन पायऱ्या आहेत. आधुनिक मानसशास्त्रही स्मृतीचे हेच तीन टप्पे मानते.

येथे एक भेद ध्यानी ठेवावा. प्रज्ञापराधाच्या संदर्भात चरकाचार्य धी, धृती व स्मृती यांच्या भ्रंशाचा उल्लेख करतात. मधुमेही रुग्णाला जिलेबी अपथ्य आहे हे कळते, ताट समोर आल्यावर ते आठवतेही. तरीही तो ती खातो. येथे धी शाबूत आहे, स्मृतीही आहे. ढळली आहे ती धृती. अशा रुग्णास स्मृतिवर्धक औषध देणे म्हणजे एका कुलपास दुसरी किल्ली लावणे होय.

पहिली पायरी : ग्रहण

मन अणू व एक आहे, असे शास्त्र सांगते. आत्मा, इंद्रिय व अर्थ यांचा संयोग असूनही मनाचे सान्निध्य नसेल, तर ज्ञान होत नाही. कमळाच्या शंभर पाकळ्या सुईने एकदम भेदल्यासारख्या वाटल्या, तरी त्या एकामागून एकच भेदल्या जातात. तद्वत अनेक ज्ञाने एकाच वेळी होतात असा केवळ भास होतो, हा दृष्टांत आपणा सर्वांस परिचित आहे.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात डॅनियल सायमन्स व क्रिस्तोफर शॅब्रिस यांनी केलेला व १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या सिद्धांताशी ताडून पाहण्यासारखा आहे. चेंडू खेळणाऱ्यांच्या चित्रफितीत एका गटाने चेंडू किती वेळा दिला-घेतला ते मोजण्यास प्रेक्षकांस सांगितले. मध्येच गोरिलाचा वेश केलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली. डोळे उघडे असूनही सुमारे निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही.

दुधाचे पातेले विसरणाऱ्या गृहिणीची स्थिती बहुधा अशीच असते. पातेले ठेवताना मन मुलाच्या प्रवेशात, सासूबाईंच्या औषधात किंवा घराच्या हप्त्यात गुंतलेले असते. जे ग्रहणच झाले नाही, ते आठवणार कोठून? येथे प्रथम निद्रा, चिंता, अतिश्रम व विषाद यांचा शोध घ्यावा. रजोनिवृत्तीच्या काळातील खंडित निद्रेची चौकशी अवश्य करावी. वृद्धांत श्रवण व दृष्टी तपासावी. ज्याला नीट ऐकू येत नाही, त्याच्याविषयी ‘विसरतात’ अशी तक्रार घरचे सहज करतात.

दुसरी पायरी : धारण

ग्रहण झालेले सर्वच टिकत नाही. जर्मन संशोधक हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विस्मरणाचे मापन केले व ते १८८५ साली प्रसिद्ध केले. तीच यादी पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे त्यांचे माप होते. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के, एका तासाने ४४ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के आणि एकतीस दिवसांनी २१ टक्के श्रम वाचले. विस्मरणाचा वेग आरंभी तीव्र असतो व पुढे मंदावतो, हा त्याचा अर्थ. म्हणून पहिली उजळणी त्याच दिवशी व्हावी. स्मृतीच्या कारणांत ‘अभ्यास’ व ‘पुनःश्रुत’ यांना शास्त्रकारांनी स्थान दिले, त्याचे मर्म येथे उकलते.

दहावीच्या मुलासाठी आणखी एक निष्कर्ष उपयोगी आहे. रोडिगर व कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर दुसऱ्याने एकदा वाचून तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. ‘पुस्तक मिटून लिहून काढ, मग ताडून पाहा आणि रात्री पुरेसा झोप’ हा सल्ला औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देण्याच्या योग्यतेचा आहे.

धारणाचा खरा नाश कसा दिसतो, हे हेन्री मोलेसन यांच्या उदाहरणावरून कळते. अपस्माराच्या उपचारासाठी १९५३ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांच्या मेंदूच्या दोन्ही शंखखंडांचा आतील भाग शस्त्रक्रियेने काढण्यात आला. झटके कमी झाले, बुद्धी शाबूत राहिली, बालपणीच्या आठवणीही राहिल्या. परंतु त्यानंतर नवी घटना त्यांच्या स्मृतीत जवळजवळ टिकेनाशी झाली. काही आकडे मनात घोकत असेपर्यंत ते ते सांगू शकत. लक्ष दुसरीकडे वळताच सारे पुसले जाई. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला, तरी प्रत्येक भेटीत त्या त्यांना अपरिचितच वाटत. आश्चर्य असे की, आरशात पाहून तारा रेखाटण्याचे कौशल्य त्यांनी तीन दिवसांत कमावले. मात्र आपण हे पूर्वी केले आहे, याची त्यांना आठवण नव्हती. २००८ साली त्यांचे निधन झाले.

यातून चिकित्सकाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. आजी अजूनही उत्तम पुरणपोळी करतात, आजोबा पूजा बिनचूक सांगतात, तीस वर्षांपूर्वीचे सर्व त्यांना आठवते, म्हणून स्मृतिभ्रंश नाही, असा निर्वाळा देऊ नये. हाताचे कौशल्य व जुन्या आठवणी पुष्कळ काळ टिकतात. सकाळी कोण येऊन गेले, हे आधी पुसले जाते.

तिसरी पायरी : स्मरण

चरकाचार्यांनी स्मृतीची आठ कारणे सांगितली आहेत : निमित्तग्रहण, रूपग्रहण, सादृश्य, सविपर्यय, सत्त्वानुबंध, अभ्यास, ज्ञानयोग आणि पुनःश्रुत. पैकी पहिल्या चारांना आठवणीची दारे म्हणता येईल. कारण दिसले की कार्य आठवते, आकारावरून वस्तू आठवते, सारख्यावरून सारखे आणि विरुद्धावरून विरुद्ध आठवते. एखादे नाव ‘जिभेवर आहे, पण येत नाही’ अशा वेळी साठा शाबूत असतो. दार सापडत नसते. पहिले अक्षर कोणी सांगताच नाव येते. वाढत्या वयात असे थोडेफार होणे स्वाभाविक आहे.

स्मरण म्हणजे कोठारातील वस्तू जशीच्या तशी बाहेर काढणे नव्हे, हेही जाणावे. एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनी १९७४ साली मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवून प्रेक्षकांस वेग विचारला. काहींना प्रश्नात ‘धडकल्या’ असा साधा, तर काहींना ‘चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचा शब्द वापरला. आठवड्याने ‘फुटलेली काच पाहिली का?’ असे विचारता साध्या शब्दाच्या गटातील पन्नासांपैकी सात जणांनी, तर तीव्र शब्दाच्या गटातील पन्नासांपैकी सोळा जणांनी होय म्हटले. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच.

प्रश्नपरीक्षेसाठी हा मोठा इशारा आहे. ‘जेवल्यावर पोट जड होते ना?’ असे विचारले की रुग्ण मान डोलावतो आणि पुढच्या भेटीत ते लक्षण आपणहून सांगू लागतो. त्याऐवजी ‘जेवल्यावर कसे वाटते?’ असे विचारावे.

साधी परीक्षा

पुढील परीक्षा कोणत्याही चिकित्सालयात पाच-सात मिनिटांत होते. परस्परांशी संबंध नसलेली तीन नावे, उदाहरणार्थ ‘आंबा, कुलूप, नदी’, रुग्णास सांगून लगेच म्हणावयास लावावीत. येथेच अडखळल्यास ग्रहणाकडे, म्हणजे लक्ष, श्रवण, निद्रा व मनःस्थिती यांकडे पाहावे. नंतर पाच मिनिटे इतर विषयांवर बोलून तीच नावे विचारावीत. न आठवल्यास ‘एक फळ होते’ असे निमित्त द्यावे. खुणेने आठवले तर साठा आहे, स्मरणात अडथळा आहे. खूण देऊनही, इतकेच नव्हे तर ‘आंबा, पेरू की केळे?’ असे विचारूनही ओळख पटत नसेल, तर धारणातच दोष असण्याचा संभव मोठा. ही परीक्षा रोगनिश्चिती करीत नाही. पुढील दिशा दाखविते.

विस्मरण दोन-चार दिवसांत अचानक उद्भवले असल्यास, डोक्यास मार लागल्यानंतर आले असल्यास, सोबत बोलणे अडखळणे, चाल बदलणे, ज्वर वा भ्रम असल्यास, किंवा व्यवहारातील पैसे व ओळखीचा रस्ता चुकू लागल्यास रुग्णास विनाविलंब पुढील तपासणीस पाठवावे. बी १२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचे मांद्य, विषाद, मेंदूच्या आवरणाखाली साकळलेले रक्त व झोपेच्या गोळ्या यांमुळे होणारे विस्मरण वेळीच ओळखल्यास पुष्कळदा सुधारते. लॅन्सेट आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे चौदा धोके नमूद केले. त्यांत श्रवणदोष, उपचार न केलेला दृष्टिदोष, मधुमेह, उच्च रक्तदाब व एकाकीपणा यांचा अंतर्भाव आहे. यांतील बहुतेक गोष्टी कुटुंबवैद्याच्या नजरेसमोरच असतात.

मेध्य द्रव्यांचे स्थान

मंडूकपर्णीचा स्वरस, दुधासह यष्टीमधु चूर्ण, गुडूचीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क ही चरकोक्त मेध्य रसायने होत. त्यांत शंखपुष्पी विशेषत्वाने मेध्य मानली आहे. परंतु बाजारात ‘ब्राह्मी’ या नावाने कोठे बॅकोपा, तर कोठे सेंटेला म्हणजे मंडूकपर्णी मिळते. शंखपुष्पी म्हणून कॉन्व्हॉल्व्ह्युलस, विष्णुक्रांता किंवा गोकर्णी येते. फार्मसीचालकांनी खरेदीच्या वेळी वनस्पतीची ओळख पटवून घ्यावी व वेष्टनावर ती स्पष्ट लिहावी, ही नम्र विनंती.

ऑस्ट्रेलियात रूडनरिस व सहकाऱ्यांनी चाळीस ते पासष्ट वयाच्या व्यक्तींना तीन महिने ब्राह्मी, म्हणजे बॅकोपा, देऊन २००२ साली निष्कर्ष मांडले. नव्याने शिकलेले टिकून राहण्याचे प्रमाण सुधारले. शिकण्याचा वेग मात्र बदलला नाही. म्हणजे परिणाम दिसला तो धारणावर, तोही महिन्यांच्या सेवनाने. परीक्षेपूर्वी आठ दिवस घेतलेल्या बाटलीकडून काय अपेक्षा करावी, हे यावरून ठरवावे. ज्याचे मन ग्रहणाच्या वेळी ठिकाणावर नाही, त्यास याच द्रव्याने लाभ होईलच, असेही यातून सिद्ध होत नाही.

आपल्या सूचना आणि रुग्णाची स्मृती

या विवेचनाचा उपयोग स्मृतिमांद्य नसलेल्या रुग्णांसही आहे. मनात एका वेळी सुमारे सात गोष्टी राहतात, असे जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली मांडले. नेल्सन कोवन यांनी २००१ साली ही मर्यादा चारच्या आसपास आणली. आपण मात्र तीन औषधे, तीन अनुपाने, तीन काळ व दहा पथ्ये एका श्वासात सांगतो. सूचना थोड्या असाव्यात, महत्त्वाची प्रथम सांगावी, रुग्णाकडून वदवून घ्यावी आणि ठळक अक्षरांत लिहून द्यावी. औषध जेवणापूर्वी की नंतर, कशासोबत, हे विक्रेत्यानेही पुडीवर लिहावे. शास्त्रात ‘पुनःश्रुत’ म्हटले आहे, ते याहून फार निराळे नाही.

आरंभी उल्लेखिलेल्या तिघांपैकी मुलास अभ्यासाची रीत व निद्रा हवी, गृहिणीस कारणशोध व विश्रांती हवी, आजोबांस विनाविलंब तपासणी हवी. त्यानंतर ज्यास योग्य असेल त्यास मेध्य रसायन द्यावेच. ते आपल्या शास्त्राचे सामर्थ्य आहे. ‘विसरायला होते’ हे शब्द कानी पडताच प्रथम ‘कोणत्या पायरीवर?’ हा प्रश्न विचारण्याची सवय प्रत्येक वैद्याने व औषधविक्रेत्याने लावून घ्यावी, असे आम्हांस मनःपूर्वक वाटते.